निवड-परीक्षेतील गुण आणि परीक्षेपर्यंत न पोहोचलेले मूल

प्राथमिक शाळेतील काही मुलांना निवडून त्यांच्यासाठी अधिक वरच्या दर्जाच्या शिक्षणाची निराळी सोय करावी, ही कल्पना अनेक देशांत मूळ धरून आहे. अमेरिकेत अशा मुलांसाठी दुसरी-तिसरीपासून स्वतंत्र वर्ग चालतात. भारतात ग्रामीण भागातील होतकरू मुलांसाठी जवाहर नवोदय विद्यालये आहेत आणि त्यांत सहावीच्या वर्गात प्रवेश मिळण्यासाठी पाचवीत असतानाच निवड-परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षेची परंपरा १९५४-५५ पासूनची आहे. सोयी निराळ्या असल्या तरी एक गोष्ट सर्वांत समान आहे. कोठे तरी गुणांची एक रेषा ओढली जाते. तिच्या वरची मुले आत जातात, खालची बाहेर राहतात.

या रेषेविषयी शिक्षकांत व पालकांत पुष्कळ चर्चा होते. रेषा फार उंच आहे, प्रश्न फार कठीण होते, दोन गुणांनी मूल राहिले, अशी बोलणी दरवर्षी ऐकू येतात. परंतु ज्या मुलाने ती परीक्षा कधी दिलीच नाही, त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. त्याचे गुण कोणत्याही यादीत नसतात, म्हणून त्याची हानीही कोणाच्या दृष्टीस पडत नाही. गुणांचा निवडीवर होणारा परिणाम समजून घ्यावयाचा असेल, तर या अदृश्य मुलापासून आरंभ करावा लागतो. ग्रामीण शिक्षकाचा तर त्याच्याशी रोजचा संबंध आहे.

बुद्धिमापनाचा उगम

निवडीसाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक कसोट्यांचे मूळ फ्रान्समध्ये आहे. १९०४ मध्ये फ्रेंच शिक्षण खात्याने एक समिती नेमली. साधारण वर्गात ज्यांना शिकणे जड जाते अशी मुले कशी ओळखावीत व त्यांना खास साहाय्य कसे द्यावे, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. या कामातून आल्फ्रेड बिने व थेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये आपली मापनश्रेणी प्रसिद्ध केली. म्हणजे कसोटीचा मूळ हेतू मागे पडणाऱ्या मुलाला शोधून त्याला हात देणे हा होता. मुलाची बुद्धी जन्मभर एकाच मापाची राहते, हे मत बिने यांना मान्य नव्हते. योग्य शिक्षणाने ती वाढते असे ते सांगत.

पुढे अमेरिकेत ल्युइस टर्मन यांनी १९१६ मध्ये या श्रेणीची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली आणि १९२१ पासून असामान्य बुद्धीच्या मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यासाठी कॅलिफोर्नियातील शाळांतून मुले निवडताना पुष्कळ अंशी शिक्षकांनी सुचविलेल्या नावांवरच भिस्त होती. त्या वेळी चाचणी होऊनही जी मुले पुरेशा गुणांअभावी वगळली गेली, त्यांत विल्यम शॉकली व लुई अल्वारेझ हे दोघे होते. शॉकली यांना १९५६ मध्ये व अल्वारेझ यांना १९६८ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. कसोटी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. रेषेच्या खाली राहिलेल्या मुलाविषयी शेवटचा शब्द उच्चारण्याचा अधिकार मात्र तिला नाही, एवढे यावरून दिसते.

मराठी शिक्षकांना या इतिहासातील आणखी एक नाव ठाऊक असावे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोटीत बदल करून ती कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी तयार केली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बिने-कामत कसोटी या नावाने ती मानसशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. परक्या भाषेतील प्रश्न जसेच्या तसे विचारले, तर मुलाची बुद्धी मोजली न जाता त्याचा त्या भाषेशी व राहणीशी असलेला परिचय मोजला जातो. म्हणूनच अशा रूपांतराची आवश्यकता होती.

गुणांक काय सांगतो

बुद्धिकसोटीतील गुणांक म्हणजे शंभरापैकी मिळालेले गुण नव्हेत. त्या मुलाची त्याच वयाच्या इतर मुलांशी केलेली ती तुलना असते. सरासरी १०० धरली जाते. बहुतेक कसोट्यांत १५ अंकांची एक पायरी कल्पिलेली असते. शास्त्रात तिला प्रमाण विचलन म्हणतात. सरासरीच्या वर दोन पायऱ्या चढल्या की १३० हा अंक येतो. शंभर मुलांत सुमारे दोन मुलेच त्याच्या वर असतात. ११६ या अंकाच्या वर शंभरांत सुमारे चौदा मुले असतात.

येथे दोन गोष्टी शिक्षकांनी ध्यानी घ्याव्यात. पहिली ही की, ही तुलना समान वयाच्या मुलांशी असते. वर्गातील इतर मुलांशी नव्हे. साध्या गुणांच्या परीक्षेत असे होत नाही. वर्गातील दहा-अकरा महिन्यांनी लहान असलेले मूल व मोठे असलेले मूल तेथे एकाच मापाने मोजले जाते. लहान वयात हा फरक पुष्कळ असतो, आणि कित्येकदा वयाचा मोठेपणा हुशारी म्हणून गणला जातो.

दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक मापात थोडी चूक असते. धान्याच्या काट्यावर एकच पोते दोनदा घातले तर किलो-अर्ध्या किलोचा फरक पडतो. तसेच एकच मूल आज बसले व महिन्याने बसले, तर त्याचा अंक तोच येईल असे नाही. रात्री ताप असेल, सकाळी उपाशी आलेले असेल, परीक्षेची खोली अनोळखी वाटली असेल, तर अंक खाली येतो. १२८ अंकांचे मूल व १३१ अंकांचे मूल यांच्या बुद्धीत खरा भेद आहे असे कोणताही जाणता परीक्षक म्हणणार नाही. तरी १३० ची रेषा ओढली की एक आत जाते, दुसरे बाहेर राहते. प्रशासनाला रेषा लागतेच, कारण जागा मोजक्या असतात. परंतु रेषेला जो निश्चितपणा आहे तो मुलाच्या बुद्धीला लावणे चूक होय.

ब्रॉवर्ड येथील प्रयोग

रेषा तीच ठेवूनही निवड किती बदलू शकते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात घडले. तेथे ब्रॉवर्ड नावाची काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, आहे. तेथील शिक्षण-विभाग त्या देशातील फार मोठ्या शिक्षण-विभागांपैकी एक असून निम्म्याहून अधिक विद्यार्थी कृष्णवर्णीय किंवा स्पॅनिश-भाषक देशांतून आलेल्या कुटुंबांतील आहेत. गरीब घरांतील मुलांची संख्याही तितकीच मोठी आहे.

राज्याच्या नियमाप्रमाणे प्रज्ञावान विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी १३० हा बुद्ध्यंक लागे. मात्र गरीब मुलांना, आणि ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही अशांना, सवलतीची रेषा ठेवण्याची मुभा होती आणि या विभागाने ती ११६ वर ठेवली होती. म्हणजे नियम कठोर नव्हता. गरीब मुलाचा विचार त्यात केलेला होता. असे असूनही तिसरीतील प्रज्ञावान ठरलेल्या मुलांत कृष्णवर्णीय व स्पॅनिश-भाषक कुटुंबांतील मुले मिळून शेकडा २८ च होती.

याचे कारण कसोटीच्या अलीकडे होते. बुद्ध्यंक मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञाने मुलाला एकट्याने तपासावे लागते. हे काम वेळखाऊ व खर्चाचे असल्यामुळे सर्व मुले तपासली जात नसत. शिक्षकाने किंवा पालकाने नाव सुचविले तरच मुलाची तपासणी होई. सुशिक्षित व सधन पालकांना ही वाट ठाऊक होती. ते शाळेत अर्ज करीत, प्रसंगी स्वतःच्या खर्चाने खासगी मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी करून घेत. ज्या आईला शाळेची भाषा नीट येत नव्हती, जी दिवसभर कामावर असे, तिला अशी काही सोय आहे याचीही वार्ता नसे. राहिला शिक्षक. त्याच्या डोळ्यांसमोर हुशार मुलाचे जे चित्र होते, ते नीटनेटक्या कपड्यांतील, चुरचुरीत बोलणाऱ्या, प्रश्नाला लगेच हात वर करणाऱ्या मुलाचे होते.

२००५ मध्ये या विभागाने एक साधी गोष्ट केली. दुसरीतील प्रत्येक मुलाला, कोणी सुचवो अथवा न सुचवो, एक छोटी सामूहिक कसोटी द्यावयाची असे ठरविले. ती शब्दांची नव्हती, आकृत्यांची होती. नक्षीतील गाळलेला तुकडा ओळखणे, आकृत्यांच्या रांगेतील पुढची आकृती शोधणे, असे तिचे प्रश्न होते. तीत ठराविक अंकांवर गेलेल्या मुलांना पुढे मानसशास्त्रज्ञाच्या पूर्ण तपासणीसाठी पाठविले जाई आणि त्यासाठी पालकांना खर्च पडत नसे. १३० आणि ११६ या दोन्ही रेषा होत्या तेथेच राहिल्या.

डेव्हिड कार्ड व लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी या प्रयोगाचा अभ्यास केला. त्यांचा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले की, गरीब व इंग्रजी न बोलणाऱ्या घरांतील मुलांमध्ये प्रज्ञावान ठरण्याचे प्रमाण शेकडा १८० नी वाढले. स्पॅनिश-भाषक कुटुंबांतील मुलांत ते शेकडा १३० नी व कृष्णवर्णीय मुलांत शेकडा ८० नी वाढले. पूर्वी ज्यांची नावे सुचविली जात नव्हती त्यांत मुलींचीही गणना होती, हेही या अभ्यासात स्पष्ट झाले.

या आकड्यांचा अर्थ शिक्षकाने शांतपणे समजून घेण्यासारखा आहे. ही मुले २००५ मध्ये एकाएकी बुद्धिमान झाली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षीही तशीच मुले त्याच बाकांवर बसत होती. त्यांचे शिक्षक त्यांना रोज पाहत होते. ते शिक्षक आळशी अथवा दुष्ट होते, असे कोणी म्हटलेले नाही. त्यांनी आपल्या नजरेवर विश्वास ठेवला, एवढेच. ती नजर काही मुलांवर स्थिरावत होती आणि काहींवरून सरकून जात होती.

या प्रयोगाचा शेवट दुःखद झाला. तपासणीस येणाऱ्या मुलांची संख्या वाढल्याने मानसशास्त्रज्ञांचे काम वाढले आणि खर्चही वाढला. २०१० च्या सुमारास आर्थिक मंदीच्या काळात ही सार्वत्रिक कसोटी थांबविण्यात आली. त्याबरोबर जुनी तफावतही परत आली. २०१२ मध्ये दुसरीतील मुलांची चाचणी, निराळी कसोटी घेऊन, पुन्हा सुरू करण्यात आली. व्यवस्था मागे घेतली की नजरेचा जुना दोष लगेच आपली जागा घेतो, हा यातील धडा आहे.

कोणत्या गुणांनी कोणाचे भले झाले

याच विभागातील दुसऱ्या एका अभ्यासाने आणखी उपयुक्त गोष्ट पुढे आणली. तेथे असा नियम होता की, शाळेच्या चौथी किंवा पाचवीत एक जरी प्रज्ञावान मूल असले, तरी त्या इयत्तेसाठी स्वतंत्र वर्ग काढावा. प्रज्ञावान मुले थोडी असल्यामुळे वर्गात जागा उरत. त्या उरलेल्या जागा, आदल्या वर्षीच्या राज्य-परीक्षेत ज्यांना सर्वांत अधिक गुण मिळाले अशा मुलांना क्रमाने दिल्या जात. यांचा बुद्ध्यंक रेषेच्या वर नव्हता, परंतु शाळेच्या अभ्यासात ती पुढे होती.

वर्षअखेर पाहता, बुद्ध्यंकाच्या १३० च्या रेषेवरून जेमतेम आत आलेल्या मुलांच्या वाचन-गणितात त्या वर्गामुळे विशेष फरक पडलेला दिसला नाही. शालेय गुणांच्या बळावर आत आलेल्या मुलांपैकी कृष्णवर्णीय व स्पॅनिश-भाषक कुटुंबांतील मुलांना मात्र मोठा लाभ झाला. त्यांच्या वाचनात व गणितात सुमारे अर्ध्या पायरीची वाढ झाली. शंभर मुलांची खालून वर अशी रांग लावली, तर पन्नासाव्या जागेवरील मूल सुमारे एकोणसत्तराव्या जागेवर यावे, इतकी ही वाढ आहे. ही मुले निघून गेल्यामुळे मागे राहिलेल्या वर्गाचे नुकसान झाले, असेही आढळले नाही.

यावरून दोन प्रकारच्या गुणांतील भेद कळतो. एक गुण मुलाच्या अंगच्या आकलनशक्तीचा अंदाज देतो. दुसरा, मिळालेल्या शिकवणीचे त्याने काय केले हे सांगतो. गरीब घरातील, कसून अभ्यास करणारे, पण एका अंकाने मागे राहिलेले मूल वरच्या वर्गात गेले की फुलते. ज्याला घरी सर्व काही मिळते, त्याला त्या वर्गाची तितकी गरज नसते. निवड करताना कोण अधिक हुशार, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. या संधीचा सर्वांत अधिक उपयोग कोणाला होईल, हेही पाहावे लागते.

निवडीच्या आणखी दोन रीती

अमेरिकेतील सर्वच ठिकाणी गुणांना सारखे महत्त्व नाही. न्यूयॉर्क शहरात पूर्वी बालवर्गातील प्रवेशासाठी चार वर्षांच्या मुलांची कसोटी घेत आणि त्या एका कसोटीवरच पात्रता ठरे. शंभरांत नव्वदाव्या क्रमाच्या वर असलेले मूल विभागीय वर्गास व सत्त्याण्णवाव्याच्या वर असलेले शहरस्तरीय शाळांस पात्र होई. ज्यांना परवडे ते पालक इतक्या लहान मुलांना शिकवणी लावून आकृत्यांचे प्रश्न घोटवून घेत. २०२१ च्या आरंभी या कसोटीचा करार पुढे चालविण्यास शहराच्या शिक्षण-मंडळाने नकार दिला आणि ती बंद झाली.

व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स काउंटीत निराळी रीत आहे. तेथे तिसरीपासून आठवीपर्यंत पूर्णवेळ प्रगत वर्ग असतात. लहान इयत्तांत सर्व मुलांना कसोट्या दिल्या जातात आणि त्यांतील गुणांवरून विचारार्थ मुलांची यादी होते. यादीत नाव नसलेल्या मुलासाठी पालक अर्ज करू शकतात. त्यानंतर समिती कसोटीचे गुण, शिक्षकाने भरलेले निरीक्षणपत्रक आणि मुलाच्या कामाचे नमुने ही सर्व एकत्र पाहते. अलीकडे त्या यादीसाठी मुलाची तुलना त्याच्याच शाळेतील मुलांशी करण्याचे धोरण तेथे आले आहे. ज्या शाळेत बहुतेक मुले गरीब घरांतील आहेत, तेथील अव्वल मुले त्यामुळे विचारात येतात. या रीतीत गुण दार उघडण्याचे काम करतात. आत घेण्याचा निर्णय एकट्या गुणांवर नसतो.

नवोदय आणि ग्रामीण शिक्षक

महाराष्ट्रातील शिक्षकाला या परदेशी हकिकतींचे प्रयोजन काय, असे कोणास वाटेल. ते नवोदयाच्या परीक्षेत दिसते. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या विद्यालयांचा पुरस्कार केला. प्रायोगिक स्वरूपाची पहिली दोन विद्यालये १९८५-८६ मध्ये सुरू झाली, एक हरियाणातील झज्जर येथे व दुसरे महाराष्ट्रातील अमरावती येथे. सहावी ते बारावीपर्यंत निवास, भोजन व शिक्षण यांची सोय तेथे होते. प्रत्येक विद्यालयात सहावीच्या वर्गात ८० पर्यंत जागा असतात. त्यांतील किमान शेकडा ७५ जागा ग्रामीण भागातील मुलांच्या आणि किमान एकतृतीयांश जागा मुलींच्या असतात.

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची व १०० गुणांची असते. त्यांत बुद्धिमत्ता-चाचणीचे ४० प्रश्न ५० गुणांचे, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांचे व भाषेचे २० प्रश्न २५ गुणांचे असतात. बुद्धिमत्ता-चाचणीचे प्रश्न सारे आकृत्यांचे असतात. म्हणजे निम्मे गुण असे आहेत की, ज्यांसाठी घरात पुस्तके असण्याची अथवा प्रमाण भाषा बोलली जाण्याची आवश्यकता नाही. शिष्यवृत्ती परीक्षेतही एकूण ३०० गुणांपैकी १०० गुण बुद्धिमत्ता-चाचणीचे असतात.

नवोदयासाठी १३० सारखी आधी ठरलेली रेषा नाही. जागा ठरलेल्या असतात आणि रेषा त्या वर्षी बसलेल्या मुलांच्या गुणांवरून, प्रवर्गनिहाय, ठरते. अमुक गुण मिळाले म्हणजे प्रवेश निश्चित, असे पालकांना सांगणे म्हणूनच योग्य नव्हे. ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. या वर्षी राहिले तर पुढच्या वर्षी पाहू, असे येथे म्हणता येत नाही.

अर्जाला शुल्क नाही. परंतु तो मुदतीत भरावा लागतो. त्याबरोबर मुख्याध्यापकाच्या सहीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ग्रामीण जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली असावी लागतात. ब्रॉवर्डमध्ये नाव सुचविण्याची जी पायरी होती, तीच येथे अर्जाच्या रूपाने उभी आहे. ज्या पालकाच्या हाती वर्तमानपत्र आहे, ज्याच्या घरी अर्ज भरून देणारा मोठा भाऊ आहे, त्याचे मूल ती पायरी सहज चढते. ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्या कुटुंबातील मुलीचे तसे नाही. तिचे नाव पटावर अखंड राहिले की नाही, ती आजीपाशी गावात राहू शकली की नाही, अर्जाच्या मुदतीत तिचा विचार कोणाच्या मनात आला की नाही, यांवर सारे अवलंबून असते. तिच्या बुद्धीचा प्रश्न त्यानंतर येतो. पुष्कळदा तो येतच नाही.

ब्रॉवर्डच्या शिक्षण-विभागाला सर्व मुलांची कसोटी घेण्यासाठी पैसा लागला. दोन शिक्षकी शाळेत पाचवीतील बारा मुलांचे अर्ज भरण्यास पैसा लागत नाही. दोन दुपारी लागतात.

शिक्षकाने करावयाच्या गोष्टी

(१) पाचवीतील सर्व पात्र मुलांचे अर्ज भरावेत. कोण बसण्यायोग्य आहे याचा निर्णय शिक्षकाने आपल्याच मनाने आधी करून टाकू नये. परीक्षा निवड करण्यासाठीच आहे. तिचे काम तिला करू द्यावे.

(२) सर्व मुलांना आकृत्यांच्या प्रश्नांचा थोडा परिचय करून द्यावा. आठवड्यातून एक तास, फळ्यावर चार-पाच आकृत्या काढून, सर्व वर्गासमोर हे करता येते. रांगोळीतील नक्षी, गोधडीवरील टाक्यांची रचना, सागरगोट्यांची मांडणी यांतून हे प्रश्न सहज सुचतात. उत्तरपत्रिका कशी भरावी याचाही सराव सर्वांना द्यावा. माहीत नसलेल्या पद्धतीमुळे जे गुण जातात, ते बुद्धीच्या खात्यावर मांडले जाऊ नयेत.

(३) वर्षभर एक लहान नोंदवही ठेवावी. कोणत्या मुलाने न शिकविलेली युक्ती वापरली, कोणी बाजारातील हिशोब तोंडी केला, कोणी नेमका प्रश्न विचारला, हे एका ओळीत टिपावे. महिन्याअखेर वही उघडून पाहावी आणि ज्या मुलांच्या नावापुढे एकही ओळ नाही, त्यांच्याकडे पुढील महिन्यात मुद्दाम लक्ष द्यावे. नजर कोणावरून सरकून जाते, हे अशा वहीतून कळते.

(४) मुलाच्या बोलीवरून त्याची बुद्धी ठरवू नये. घरी अहिराणी, गोंडी, कोरकू किंवा लमाणी बोलणारे मूल शाळेच्या भाषेत अडखळते. त्याचे मौन म्हणजे अज्ञान, असे समजणे घातक आहे.

(५) मुलींच्या पालकांची स्वतंत्र गाठ घ्यावी. मुलीस निवासी शाळेत पाठविण्याची भीती त्यांना वाटते आणि ती भीती खोटी म्हणून झिडकारू नये. शक्य तेथे विद्यालय पाहून आलेल्या पालकांची व त्यांची भेट घडवून आणावी.

(६) गावाबाहेर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या पटाची नोंद काळजीपूर्वक ठेवावी. तिसरीतील एका वर्षाचा खंड पाचवीतील पात्रता हिरावून घेतो, हे पालकांना तिसरीतच सांगावे.

(७) निकालानंतरचे वर्तन आधी ठरवून ठेवावे. निवड झालेल्या एका मुलाचा सत्कार होत असताना, न निवडलेली अकरा मुले समोर बसलेली असतात. या परीक्षेने ८० जागांचा प्रश्न सोडविला, त्यांच्या बुद्धीचा निकाल लावला नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे. त्यांच्यापैकी जी मुले थोडक्यात राहिली त्यांना वर्गात अधिक वरचे काम द्यावे. वरच्या दर्जाचे काम मिळताच अशी मुले किती पुढे जातात, याचा पुरावा वर आलाच आहे.

समारोप

गुणांची रेषा शासन ठरविते, प्रश्नपत्रिका तज्ज्ञ काढतात, निकाल संगणक लावतो. या तिन्हींवर गावच्या शिक्षकाचा अधिकार चालत नाही. परंतु परीक्षेच्या खोलीत कोणती मुले बसतील, हे बव्हंशी त्याच्या हाती आहे. निवडीतील सर्वांत मोठी चाळणी तेथेच लागते. ती चाळणी शिक्षकाच्या नजरेची असल्याने तिला छापील नियम नसतात आणि तिच्याविरुद्ध कोणी तक्रारही करीत नाही. म्हणूनच ती त्याने स्वतः तपासली पाहिजे.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या तीन वर्षांत शाळेतील पाचवीच्या पटापैकी किती मुले नवोदयाच्या परीक्षेस बसली? जी बसली नाहीत, त्यांची कारणे प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहून काढावीत.

२. बसलेल्यांत मुली किती होत्या? स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले किती होती?

३. वर्गातील सर्वांत हुशार तीन मुलांची नावे लिहावीत. नंतर त्यांच्या जन्मतारखा, घरची भाषा व पालकांचा व्यवसाय पाहावा. या तिघांत काही साम्य आढळते काय?

४. शब्दांचा उपयोग न करता सोडविता येतील असे पाच आकृती-प्रश्न गावातील वस्तूंवरून तयार करून ते सर्व वर्गास द्यावेत. अपेक्षेबाहेरील कोणत्या मुलाने ते सोडविले?

५. थोडक्यात राहिलेल्या मुलांसाठी केंद्रातील शाळांना मिळून आठवड्यातून एक विशेष वर्ग चालविता येईल काय? त्यासाठी कोणता वार, कोणती शाळा व कोणते शिक्षक सोयीचे होतील?